नोकरी सोडायच्या आधी कामाचं दुसरं टोक बघून या

"काम बदलू का?" हे लोक मलाच का विचारतात, देव जाणे. मी काही समुपदेशक नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब बघते, लग्नाच्या आधीपासून. पण भिशीत, लग्नकार्यात, स्टँडवर कुणीतरी गाठतंच. भाचा विचारतो, शेजारची सून विचारते, परवा आमच्या तोलाऱ्याचा मुलगा विचारत होता. सगळ्यांचं म्हणणं साधारण एकच: पगार येतोय, घर चाललंय, पण मन लागत नाही. म्हटलं एकदाच सगळं लिहून काढावं. दर वेळी सांगता सांगता चहा गार होतो.

पहिल्यांदा ते चार वर्तुळांचं चित्र मोबाईलमधून काढून टाका. काय आवडतं, काय जमतं, जगाला काय हवंय, पैसे कशाचे मिळतात, आणि मधोमध 'इकिगाई', म्हणजे जगण्याचं कारण. जपानी म्हाताऱ्यांचं शंभरी गाठायचं गुपित म्हणून ते गुड मॉर्निंगच्या मेसेजात फिरत असतं. ते चित्र जपानचं नाहीच. आंद्रेस सुसुनागा नावाच्या स्पॅनिश माणसानं काढलेली ती वर्तुळं, त्यांच्या मधोमध 2014 मध्ये मार्क विन नावाच्या ब्लॉग लिहिणाऱ्या गृहस्थानं तो जपानी शब्द नेऊन बसवला. माझी तक्रार चित्र कुणी काढलं याबद्दल नाही. ते बघितल्यावर चांगला नोकरीधंदा करणाऱ्या माणसालाही वाटायला लागतं की चारही वर्तुळं जुळत नाहीत तोवर आपलं आयुष्य फुकट. चारही जुळलेला माणूस मी आजवर एकच बघितलाय, आणि त्याचा खर्च सासरे बघत होते.

दुसरं टोक

प्रत्येक कामाचं एक टोक आपल्या टेबलावर असतं आणि दुसरं कुणाच्या तरी घरात, रानात, पोटात. रोज आपण फक्त आपलंच टोक बघतो, म्हणून कंटाळतो. तेव्हा नोकरी सोडायचा विचार आला की आधी दुसरं टोक प्रत्यक्ष जाऊन बघायचं. फोनवर विचारून भागत नाही.

मी गेले होते वाळवा तालुक्यात, आमच्याकडे माल घालणाऱ्या एका शेतकऱ्याच्या रानात. "ताई, हळद शिजवायची हाय, एकदा येऊन बघा तर," म्हणून त्यांनी किती वर्षं लकडा लावला होता. तोवर माझ्या लेखी हळद म्हणजे पोती, क्विंटल, भाव, रक्कम. तिथं पहाटेपासून बॉयलरला जाळ, ड्रमातून वाफेचे लोट, आणि त्यांची आई हातात काडी घेऊन उभी. हळकुंडात काडी सहज आत गेली की शिजलं. कमी शिजलं तर हळकुंड ठिसूळ होतं, जास्त शिजलं तर रंग मरतो. घड्याळ कुणाकडेच नव्हतं, सगळा कारभार त्या काडीवर. मग पंधरवडाभर खळ्यावर वाळवायचं, आभाळ आलं की धावत जाऊन ताडपत्री टाकायची, मग पॉलिश. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला लावलेलं पीक, आठ-नऊ महिने रानात, आणि बाजारात येईस्तोवर वर्ष होत आलेलं. इकडं सौद्याला, म्हणजे लिलावाला, व्यापारी येणार, एक हळकुंड उचलून मोडणार, आतला रंग बघणार आणि भाव बोलणार. आणि त्या अख्ख्या वर्षाचा शेवट काय? मी छापून दिलेला हातभर पण नसलेला कागद. पट्टी.

ती पट्टी मी वर्षानुवर्षं काढत होते. त्यावर वजन, भाव, एकूण रक्कम, मग हमाली, तोलाई, गाडीभाडं, उचल असेल तर ती वजा, आणि सगळ्यात खाली हातात पडणारा आकडा. संगणकातून यायची ती 'ह.', 'तो.', 'गा. भा.' अशा खुणांनी भरलेली, बारीक अक्षरात. शेतकरी खालचा आकडा बघायचा, घडी घालायचा आणि बंडीच्या खिशात टाकायचा. मधल्या ओळींबद्दल विचारायला माणसं लाजतात. मी परत आल्यावर शब्द पूर्ण लिहिले, अक्षर मोठं केलं, वजावटी एकाखाली एक घेतल्या. आणि पट्टी देताना ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवायला लागले. दोन मिनिटं लागतात. सौद्याच्या गर्दीत ती दोन मिनिटं महाग पडतात, पण देते. आता लोक विचारतात: तोलाई कशाची, गड्डा, म्हणजे मधला जाड कंद, वेगळा का काढला, मागच्या खेपेपेक्षा हमाली जास्त का. काही वेळा वादही घालतात. पगार त्यामुळं एक रुपयानं वाढला नाही. पण सौद्याचा दिवस म्हटलं की पूर्वी डोकं धरायचं, ते आता धरत नाही.

माझा मुलगा पुण्यात एमबीए करतो. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "आई, यावर पेपर आहेत." अमेरिकेत अ‍ॅडम ग्रँट नावाच्या संशोधकानं विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या लोकांवर एक प्रयोग केला, तो 2007 मध्ये छापून आला. काही जणांची त्या देणगीतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी पाच-दहा मिनिटं गाठ घालून दिली. बस, एवढंच. महिन्याभरानं बघितलं तर त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीच्या वर गेला होता आणि जमवलेले पैसे अडीचपटीच्या वर. बाकीच्यांच्यात काही फरक नाही. दुसरा पेपर 2001 चा, एमी रेझ्नेस्की आणि जेन डटन या दोघींचा. त्यांनी हॉस्पिटलात सफाई करणाऱ्यांशी बोलून बघितलं. काम एकच, पगार एकच, पण काही जणी रुग्णांची विचारपूस करत, नातेवाइकांना वाट दाखवत, कोमातल्या माणसाच्या खोलीतल्या भिंतीवरची चित्रं अधूनमधून बदलत. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना काम जड वाटत नव्हतं. मुलगा म्हणाला, "तू पट्टीचं केलंस ते हेच." मी म्हटलं, पेपर नसता तरी केलं असतं.

तुम्ही पतसंस्थेत कर्जाच्या फायली बघत असाल तर एकदा ज्या म्हशीसाठी कर्ज दिलं त्या म्हशीच्या गोठ्यात जाऊन या. कुपवाडच्या एमआयडीसीत कास्टिंग काढत असाल तर ते कुठल्या पंपात, कुठल्या ट्रॅक्टरात बसतं ते बघा. कॉम्प्युटरवर काम असेल तर तुमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या माणसाशेजारी अर्धा दिवस गप्प बसा, मधे बोलू नका. नर्सबाई, शिक्षक, कंडक्टर यांना हे सांगायची गरज नाही, त्यांचं दुसरं टोक रोज समोर उभं असतं, कधी कधी अंगावर येतं. त्यांना हवी असते रजा.

आणि दुसऱ्या टोकाला कुणीच नाही असं निघालं तर? तुमचा दर सोमवारचा रिपोर्ट कुणी उघडतच नसेल तर? तेही कळलेलं बरं. साहेबांना सरळ विचारा, हा कोण वाचतं. पुष्कळदा उत्तर येतं, "पूर्वीपासून आहे." तसा रिपोर्ट बंद करून घेणं हेसुद्धा समाधानाचं काम आहे, मी केलेलं आहे. मात्र दुसऱ्या टोकाला नुकसान दिसलं, म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात नको ती पॉलिसी मारणं असलं काही, तर पुढचं वाचत बसू नका. दुसरीकडं अर्ज करा.

कालनिर्णयच्या चौकोनात

कॅलेंडरच्या चौकोनात दूध किती घेतलं ते आपण लिहितोच. त्याच चौकोनात रात्री एक क्रियापद लिहायचं: आज कशात वेळ गेला ते कळलं नाही? 'जुळवलं', 'समजावलं', 'विकलं', 'दुरुस्त केलं', 'लावून ठेवलं'. तसं काही नसेल तर फुली, आणि फुलीशेजारी कारण, एका शब्दात. दोन महिने करा. सणासुदीचे दिवस सोडून द्या, त्या दिवसांवरून काही कळत नाही.

आवड विचारली की लोक नावं सांगतात: शेती, कॅफे, फोटोग्राफी. नावात फसवणूक फार आहे. कॅफे म्हणणाऱ्या दहा जणांतल्या नऊ जणांना कॅफेत बसायचं असतं. क्रियापद लबाडी करत नाही.

भाच्याचं उदाहरण देते, त्याला चालतं. तो कारखान्यात मशीनवर असतो. त्याच्या डोक्यात कृषी पर्यटन. नदीकाठी आजोबांचं दीड एकर, तिथं हुरडा, चुलीवरचं मटण, मुंबईची माणसं. मी म्हटलं आधी कॅलेंडर लिही. दोन महिन्यांनी आणलं तर फुल्यांशेजारी जवळजवळ सगळीकडं 'रात्रपाळी'. आणि चांगल्या दिवसांत 'दाखवलं', 'सांगितलं', 'शिकवलं'. आयटीआयची शिकाऊ पोरं आली की त्यांना मशीन समजावण्यात हा रमतो. पाहुण्यांची ऊठबस करण्यातलं एकही क्रियापद नाही! म्हणजे दोन गोष्टी एकात मिसळल्या होत्या. रात्रपाळीचा त्रास होता, त्याला वाटत होतं कामाचाच त्रास आहे. पाळी बदलून मागितली, चार महिन्यांनी मिळाली. शिकवण्याचं म्हणाल तर आयटीआयमध्ये शिल्प निदेशक व्हायला सीआयटीएस नावाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो, त्याची चौकशी चाललीय. हुरड्याचं अधूनमधून अजून काढतो. काढू दे.

फुल्या मोजताना एवढंच बघा: त्रास कामाचा, की अंतराचा, की वरच्या माणसाचा, की झोपेचा. साताऱ्याहून दर सोमवारी पहाटे खंबाटकी उतरून पुण्याला जाणारी माझी नणंद पाच वर्षं म्हणत होती की तिला बँकिंगच आवडत नाही. साताऱ्यात बदली झाली, आता बँकिंगबद्दल अवाक्षर नाही.

नवीन काम त्याच्या वाईट दिवशी बघावं

एवढं करूनही वाटलं की कामच बदलायचं, तर बदला. पण ते काम त्याच्या ऐन हंगामात, घाम निघतो त्या दिवशी करून बघा.

शेजारची सून एका कापड दुकानात काउंटरवर होती. तिची भडंग अख्ख्या गल्लीत नावाजलेली. सगळे म्हणायचे, "अगं, धंदा कर." माझं म्हणणं, दुकान सोडू नकोस, आधी गणपतीत पंचवीस किलोची ऑर्डर घे आणि एकटीनं पूर्ण कर. किलोभर भडंग सगळ्यांनाच आनंदानं होते. पंचवीस किलोला लसूण सोलायचाच किती ते बसून बघा. चुरमुरे कडक उन्हात देऊन घ्यायचे तर भाद्रपदात ऊन कुठलं, म्हणजे कढईतच परतायचे. शेंगदाणे एका घाण्यात काळे पडले की ते आपल्याच घरात खायचे. पिशवी नीट बंद झाली नाही तर दोन दिवसांत सादळते आणि गिऱ्हाईक परत आणून देतं, वर चार लोकांना सांगतं. तिला एक वही करायला लावली: चुरमुरे, तेल, दाणे, लसूण, कढीपत्ता, पिशव्या, गॅस, रिक्षा, आणि शेवटी स्वतःचे तास. स्वतःचे तास बायका लिहीतच नाहीत. ते लिहिले की खरा भाव कळतो. विकायचं असेल तर एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणीही लागते, ती ऑनलाइन होते.

ऑर्डर पूर्ण झाली, पैसेही सुटले, आणि ती म्हणाली, "काकू, मला कढई नको वाटते." मग आवडलं काय? दुकानांत जाऊन नमुना देणं, ऑर्डर घेणं, भाव ठरवणं. आता दोन बचत गटांचा माल ती दुकानांना पोचवते: भडंग, शेंगाचटणी, सांडगे. तळणं दुसऱ्यांचं, बोलणं तिचं. पाच महिन्यांनी तिनं काउंटर सोडलं.

शिकायचं असेल तर गावात सोयी आहेत, लोक विचारत नाहीत. ग्रामीण भागातल्या तरुण मुलामुलींसाठी बँकांच्या मदतीनं चालणारी स्वयंरोजगार प्रशिक्षण केंद्रं असतात, लोक त्यांना आरसेटी म्हणतात. तिथं प्रशिक्षण मोफत, राहणं-जेवणसुद्धा. शेतीजोड धंद्याचं कृषी विज्ञान केंद्रात विचारा. अर्धवट राहिलेली पदवी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून पुरी करता येते, माझी तशीच झालीय.

सगळं एकाच ताटात नको

पगाराच्या कामातूनच समाधान मिळालं पाहिजे असं कुणी ठरवलं? सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी पहिलं मराठी नाटक इथंच केलं. आजही स्पर्धेच्या दिवसांत बघा, मेकअपला कोण तर एलआयसीतले, सेट लावायला कोण तर तलाठी कार्यालयातले. आमच्या ओळखीचे एक वायरमन आहेत, दिवसभर घरांचं फिटिंग करतात आणि संध्याकाळी नाटकाला लाइट देतात. त्यांना एका नटानं विचारलं, "हेच पूर्णवेळ का करत नाही?" तर म्हणाले, "रोज पोटासाठी लाइट लावायला लागली की मी परत वायरमनच की." मला हे फार पटतं. तुमची नोकरी बरी असेल, वेळेत सुटत असेल, तर तिच्यावर अर्थाचं ओझं टाकू नका. संध्याकाळ मोकळी करून घ्या.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. पाणी उतरल्यावर आठवडाभर आम्ही भिशीतल्या सगळ्या जणी लोकांच्या घरातला चिखल काढत होतो. तेव्हा काही जणी म्हणाल्या, इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. खरंय. पण पूर रोज येत नाही, येऊ पण नये. आठवड्यातनं एकदा दोन तास, ठरलेल्या वारी, एकाच जागी, असं काहीतरी धरा: वस्तीतल्या पोरांना गणित, वाचनालयात पुस्तकांना कव्हरं, दवाखान्यात म्हाताऱ्यांना केसपेपर काढून देणं. जमेल तेव्हा करू म्हणणाऱ्यांचं कधीच जमत नाही.

इथं एक इशारा. "सेवा म्हणून या" असं म्हणणारी ठिकाणं ओळखायला शिका. सेवा असेल तर वेळ तुम्ही ठरवायची. वेळ ते ठरवणार, हजेरी घेणार, रजा कापणार, आणि पगाराचं काढलं की तुमच्या भावनेला हात घालणार, तर ती नोकरीच आहे, फुकटची. नेमणुकीचं पत्र मागा. पत्र मागितल्यावर ज्यांचा चेहरा पडतो त्यांच्याकडं जाऊ नका.

आणि घरातल्या कामाबद्दल. "स्वयंपाकातही आनंद शोधा" असं बायकांना सांगणारे लेख मी वाचते आणि पुढची पोळी लाटते. आनंद नंतर शोधू, आधी भांडी कोण घासणार ते ठरू दे. आमच्याकडं रविवारचा स्वयंपाक मिस्टरांचा असतो. भात कधी गुरगुट्या, कधी मोकळा, मी बोलत नाही.

पैशाचं थोडक्यात: महिन्याला किती पुरे, तो आकडा नवरा-बायकोनं एका कागदावर लिहा. दोघांनी वेगवेगळा लिहून मग दाखवला तर गंमत कळते. सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला असल्याशिवाय राजीनामा नको. यात माझं नवीन काही नाही, पण जे हे टाळतात त्यांना नवीन काम चार महिन्यांत नकोसं होतं, ते काम वाईट असतं म्हणून नाही.

आता सुरुवात कशी करायची. मालकाकडं किंवा साहेबाकडं एकच बदल मागा, ज्याला त्यांचा पैसा लागत नाही असा. मी पट्टीचं अक्षर मोठं करायचं मागितलं होतं. मागायची वेळ बघा: सौद्याच्या दिवशी नको, मार्चएंडला तर मुळीच नको, सोमवारी सकाळी नको. जेवणानंतर चहा येतो तेव्हा. "मला कंटाळा येतो" असं म्हणू नका, कंटाळा ही तुमची अडचण आहे. "असं केलं तर लोकांना कळेल, परत विचारायला येणार नाहीत" असं त्यांच्या फायद्याचं सांगा, आणि नमुना हातात तयार ठेवा. आमचे मालक नमुना उलटासुलटा करून म्हणाले, "बघू." यार्डात 'बघू' म्हणजे नाही म्हणायला वेळ नाही. मी दुसऱ्या दिवशी नव्या पट्ट्या छापल्या. मालकांनी चार दिवसांनी विचारलं, "कागद जास्त लागतो का गं?" म्हटलं, पट्टीमागं पाव पान. ते म्हणाले, "बरं."